साहेबांसाठी काय मागायचं

दोरी बांधली गेली तेव्हा पाणकणसं अजून तपकिरी होती. तळ्याच्या पलीकडच्या अंगाला पाणकणसांचं बन, आणि बनाच्या तोंडाशी होड्या बांधायचे दोन जुने खुंट. त्या खुंटांना आडवी जाड दोरी, दोरीला मधोमध लाल चिंधी, आणि काठावर पत्र्याची पाटी: पुढील आदेशापर्यंत कापणी बंद. पुढील आदेश कधी, ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं. पाट्यांवर ते कधीच लिहिलेलं नसतं.

पाणकणसाचं गणित सरळ आहे. कणीस तपकिरी असेपर्यंत पात कोवळी असते. तेव्हा कापून विणली तर सुकताना चटई आक्रसते. कणसाच्या टोकाला पांढरं दिसू लागलं की पात तयार झाली. तिथून दहा-बारा दिवस मिळतात. मग कणीस फुटतं, त्याचा कापूस वाऱ्यावर जातो आणि पात अशी ठिसूळ होते की मागावर ताणली की तुटलीच. त्या दहा-बारा दिवसांत वर्षभराची पात घरात यावी लागते. नाही आली तर वर्षभर माग रिकामा.

तळ्याकाठच्या शेवटच्या घरात तीन माणसं त्या मागावर जगत होती. दादा विणायचा. तीस वर्षं थंड पाण्यात उभं राहून कापणी केल्याने त्याचे गुडघे गेले होते आणि जुन्या दाराच्या बिजागरीसारखे वाजायचे, म्हणून आता तो मागाशी बसायचा तो बसायचाच. वहिनी मांडीवर सुतळी वळायची. कापणी होती दादाच्या धाकट्या बहिणीकडे. नवरा वारल्यावर ती परत आली होती, एक पेटी आणि एक विळा घेऊन. तिला सगळे ठिणगी म्हणत. खरं नाव पाळकाच्या वहीत होतं आणि तिथंच राहिलं होतं. ठिणगी का म्हणत, हे तिच्याशी दोन वाक्यं बोललेल्या कुणालाही विचारायची गरज पडत नसे.

तर त्या रविवारी पाळकाने उपासनेच्या शेवटी वही उघडली आणि सांगितलं, "येत्या रविवारी अधिकाऱ्यांची प्रार्थना शेवटच्या घराकडे. तळ्याच्या साहेबांसाठी."

सगळं प्रार्थनाघर मागे वळून ठिणगीकडे बघायला लागलं.

या प्रार्थनेची तिथे एक रीत होती. स्तोत्रं झाली, वाचन झालं, की अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना व्हायची, आणि ती पाळक करत नसे. दर रविवारी एका घराची पाळी. घरातली सगळी माणसं उभी राहत, एकजण बोले. पूर्वी लोक या प्रार्थनेत हात धुऊन घेत. डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि तोंडातून निघायचं की हे प्रभू, आमच्या मास्तरांना सकाळी उठायची बुद्धी दे, बाजाराच्या अध्यक्षांच्या डोळ्यांवरची धुंदी उतरव. एका बाईने तर पूल न बांधणाऱ्या इंजिनिअरसाठी इतक्या कळवळ्याने प्रार्थना केली की मागच्या बाकावर पाहुणा म्हणून बसलेला तो इंजिनिअर आमेन व्हायच्या आत निघून गेला.

तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकाला हे सहन झालं नाही. त्याने नियम घालून दिला. सुबुद्धी मागायची नाही. आपलं अडलेलं काम मागायचं नाही. त्या माणसाकडे स्वतः जायचं, तुम्हाला काय हवंय असं विचारायचं, आणि तो सांगेल ते देवाकडे मागायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ज्याला हे जमलं नाही त्याने देवासमोर बनवाबनवी करायची नाही. प्रार्थनेला लागतो तेवढा वेळ गप्प उभं राहायचं, आणि पाळी पुढच्या रविवारी पुन्हा त्याच घरावर. म्हातारा पाळक मातीआड होऊन वीस वर्षं झाली, पण नियम राहिला. गप्प उभी राहिलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि लोक ती मोजतही असत.

घरी आल्यावर ठिणगीने विळा दगडावर घासायला घेतला. कापायला काही नसताना विळा घासणं ही तिची जुनी सवय. तो आपलं बन बांधून बसलाय, आणि मी जाऊन त्याला विचारू की बाबा, तुला काय हवंय, असं ती दगडाला ऐकवत होती. दादा म्हणाला, माझे गुडघे चालत असते तर मीच गेलो असतो, तू जा, फक्त तोंड सांभाळ.

"वन्सं, विचारायला काय जातं?" वहिनी सुतळी वळता वळता म्हणाली. "सांगेल तो, डोकं दुखतं, पोट दुखतं. तेवढं मागायचं आणि खाली बसायचं."

सोमवारी ठिणगी कचेरीत गेली. कचेरी म्हणजे तळ्याचं पाणी सोडायच्या दरवाजांशेजारची एक निळी खोली, वर पत्रा. बाहेर स्टुलावर शिपाई बसला होता. हा शिपाई दर रविवारी ठिणगीच्या पुढच्या बाकावर उभा राहून खर्जात स्तोत्रं म्हणायचा, पण सोमवारी त्याने तिला ओळखलं नाही. काम काय, म्हणाला. ती म्हणाली, तुला माहीत आहे काम काय. तो म्हणाला, थांबावं लागेल. बाकावर फायली होत्या, म्हणून ती उभीच थांबली. तिच्या चपला ओल्या होत्या. शिपायाने दोनदा येऊन तिच्या पायाखालून फडकं फिरवलं, ती दोनदा बाजूला झाली, आणि दोन्ही वेळा तिने दादाचं वाक्य आठवून दात आवळले.

दुपार व्हायच्या सुमाराला तिला आत सोडलं. साहेब तिला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला. शर्टाची कॉलर मानेला सैल, बोटांना शाई. मागे भिंतीवर तळ्याचा मोठा नकाशा होता. त्यात घरं होती, दरवाजे होते, काठाची झाडंसुद्धा होती. फक्त बनाच्या जागी कोरा कागद होता.

"साहेब," ठिणगी म्हणाली, "तुम्हाला काय हवंय?"

साहेबाने पेन खाली ठेवलं. आधी दाराकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"बाई, माझ्या आधीचे साहेब या प्रश्नाला उत्तर द्यायचे," तो म्हणाला. "म्हणून ते आज या खुर्चीवर नाहीत. तुम्ही जा."

ती निघाली. अर्ध्या वाटेवर तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. त्याला वाटलं, ही काहीतरी चारायला आली आहे. आयुष्यात तिने कुणाला लाच दिली नव्हती. द्यायला कधी काही नव्हतंच. कानाच्या पाळ्या तापल्या. परत जाऊन त्या सैल कॉलरीला धरून सगळं समजावून सांगावं असं तिला वाटलं, पण पाय घराकडेच चालत राहिले. घरी हे सांगितल्यावर दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. वहिनी हसली नाही. तिने ठिणगीच्या हातावर चहाचा पेला ठेवला आणि उद्या पुन्हा जा म्हणाली.

मंगळवारी शिपायाने दारातच हात आडवा केला. साहेबांनी सांगितलंय, ती बाई आली तर आत सोडू नको. हे सांगताना तो जरा खाली बघत होता, तेवढं मात्र ठिणगीने त्याच्या बाजूने धरलं. परत येताना तिने काठावरून बनाकडे बघितलं. कणसांच्या टोकांना पांढरं दिसू लागलं होतं.

बुधवारी पहाट सरली तरी उजाडल्यासारखं वाटत नव्हतं. तळ्यावर धुकं उतरलं होतं, आणि ते असं की अंगणातून तळं दिसेना, तळ्यातून अंगण. ठिणगीने दादाचा जुना कोट चढवला. पाण्यानेच कचेरीकडे जाते, साहेब आत शिरायच्या आधी त्याला गाठते, असं तिने वहिनीला सांगितलं. कोटाच्या आत विळा होता.

ती होडीत उभी राहून बांबू रेटत निघाली. पाणी दिसत नव्हतं, फक्त बांबू आत-बाहेर होताना त्याचा आवाज येत होता. मागे बघितलं तर घर नाही, पुढे बघितलं तर काही नाही. होडी चालली आहे की आपण एका जागी उभे असून धुकंच मागे सरकतंय, हे कळेना. अशा वेळी ठिणगीलाही राग येत नसे. तिच्या आत काहीतरी सैल पडायचं, आणि लहानपणी बाप होडी रेटायचा, ती होडीच्या तळाशी पालथी झोपायची, कान लाकडाला लावून, ते आठवायचं. पाणी लाकडापलीकडून बोलत असायचं. काय बोलायचं ते तिला तेव्हा कळायचं असं तिला अजून वाटे.

लाल चिंधी अचानक तोंडासमोर आली. तिने बांबू आडवा ठेवला, होडीत पाठ टेकली, आणि दोरी तिच्या नाकावरून मागे गेली. एक भारा, ती मनाशी म्हणत होती, फक्त एक भारा, दादाचे हात रिकामे राहायला नकोत. देवाला ती काही म्हणाली नाही. त्या क्षणी त्याने तिच्याकडे बघू नये असंच तिला वाटत होतं.

आत धुकं आणखी दाट होतं. दोन्ही बाजूंना कणसं डोक्यापेक्षा उंच, टोकांना पांढरी, मुकी. तिने विळा काढला. आणि तेवढ्यात कुणीतरी आकडे म्हणतंय असं तिला ऐकू आलं. एकशे चाळीस. एकशे एकेचाळीस. आवाज हळू होता आणि थरथरत होता. ठिणगी चांगली धीट बाई, पण तिच्याही अंगावर काटा आला. तिने पात बाजूला केली.

कचेरीची छोटी होडी बनात अडकून आडवी झाली होती. होडीच्या तळाशी साहेब बसला होता. दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरलेल्या, पाय जवळ घेतलेले, विजार कमरेपर्यंत भिजलेली, डोळे घट्ट मिटलेले. बांबू होडीत नव्हता. तो केव्हाच पाण्यात पडला असणार.

"साहेब," ठिणगी म्हणाली.

आकडे थांबले. त्याने डोळे उघडले. आधी त्याला ती दिसली, मग तिच्या हातातला विळा.

"तुम्ही दोरीच्या आत आहात," तो म्हणाला. ओठ निळे पडले होते, तरी म्हणाला.

"तुम्हीपण आहात," ठिणगी म्हणाली.

धुक्यात दोन होड्या समोरासमोर डुलत राहिल्या. हळूहळू एकेक वाक्य करून त्याने सांगितलं ते असं. वरच्या कचेरीचा हुकूम होता की बन साहेबाने जातीने मोजावं, नकाशात भरावं, मगच कापणी खुली करावी. आधीच्या साहेबाने खुर्चीत बसून मोजलं होतं. आणि या साहेबाला पाण्याची भीती वाटत होती. साधी नाही. होडीत पाय ठेवला की हातपाय गार, श्वास वर अडकायचा. एकदा शिपायाला घेऊन निघाला होता तो दहा हातांवरून पोट दुखतंय म्हणून परतला. शिपायाला कळलं तर दुपारपर्यंत सगळ्यांना कळणार. म्हणून गेले पंधरा दिवस तो उजाडायच्या सुमाराला एकटा येऊन काठाशी बांधलेल्या होडीत बसायचा, आकडे म्हणत, दोनशेपर्यंत. आज दोर सुटला. दोरी डोक्यावरून कधी गेली ते त्याला समजलंच नव्हतं.

म्हणजे आपलं वर्ष या माणसाच्या गार पडलेल्या पायांपाशी अडकलं होतं. ठिणगीचा राग उसळला आणि थेट तोंडात आला.

"दोरी सोडतो म्हणा, मग काठावर नेते," ती म्हणाली.

साहेबाने मान हलवली. "न मोजता मी सही करणार नाही. हवं तर मला इथंच ठेवून जा."

तो हे खरोखरच बोलत होता. त्याचे दात वाजत होते, तरी त्याने कडांवरचे हात सोडून तिच्यापुढे जोडले नाहीत. ठिणगीने विळा कोटात घातला. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की ती नेहमी कामाला लागत असे, तशी लागली. त्याच्या होडीचा दोर आपल्या होडीला बांधला, कोट काढून त्याच्याकडे फेकला आणि विचारलं, मोजायचं म्हणजे नेमकं काय काय करायचं.

त्या दिवशी, गुरुवारी आणि शुक्रवारी सकाळी, धुकं असेपर्यंत त्या दोघांनी बन मोजलं. शेवटच्या घराच्या मागून निघायचं, म्हणजे कचेरीतून दिसत नाही. तो होडीच्या तळाशी बसायचा, मांडीवर वही, हातात कापडी फितीचं एक टोक. दुसरं टोक घेऊन ती पाण्यात उतरायची, छातीपर्यंत, आणि बनाच्या कडेकडेने जायची. कणसांपलीकडचं बघायला खरं तर त्याने होडीत उभं राहायला हवं होतं. तो दोनदा उठला आणि दोनदा गुडघ्यांवर आला. मग तिने बांबूला डोक्याचा रुमाल बांधून उंच धरायला सुरुवात केली, म्हणजे त्याला बसल्या जागेवरून कोपरा दिसे. आकडा मिळाला की तो मोठ्याने म्हणायचा आणि लिहायचा. आकडा लिहिताना मात्र त्याचा हात थरथरत नसे.

"तिला घट्ट धरू नका," एकदा ती पाण्यातून म्हणाली. "होडी हलणारच. हलू द्या. तुम्ही धरून ठेवता म्हणून ती जास्त झटके देते."

पाण्याची भीती कुठून आली ते त्याने सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. तीन सकाळी असं सगळं पांढऱ्यात चाललं होतं. आवाज कुठून येतो ते कळत नव्हतं, चार हातांपलीकडचं सगळं पुसट दिसत होतं, आणि दुपारी मागाशी बसलेल्या दादाला गेल्या वर्षीची उरलीसुरली पात निवडून देताना तिला वाटायचं की आपण हे सगळं झोपेत बघितलं. फक्त पायांची कातडी पाण्याने फुगून पांढरी झाली होती, तेवढी खरी. वहिनी रात्रीच्या जेवणाआधी त्या पायांना तेल लावायची. कुठे एवढं उभं राहावं लागतं कचेरीत, असं तिने एकदा विचारलं आणि उत्तराची वाट बघितली नाही.

शुक्रवारी शेवटचा कोपरा लिहून झाला. साहेबाने वही मिटली, पिशवीत घातली. आज कागद वर पाठवतो, म्हणाला, सोमवारी हुकूम येईल. ठिणगीने होडीच्या कडेला हात टेकला आणि पाण्यातूनच त्याला प्रार्थनेची रीत सांगितली, पाळीची, म्हाताऱ्या पाळकाची. सोमवारी ती का आली होती ते सांगितलं. साहेबाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"म्हणजे तुम्ही खरंच विचारत होता," तो म्हणाला.

"खरंच विचारत होते. अजून विचारतेय."

"हीच भीती," तो म्हणाला. "ही जावी. दुसरं काही नाही."

मग त्याने विचारलं की हे कसं मागतात, मनात का? ती म्हणाली, नाही, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. शिपाई पुढच्याच बाकावर असतो हे ती बोलली नाही, पण त्याला ते आठवलं असावं. त्याने फितीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"तुमची रीत आहे," तो शेवटी म्हणाला. "मी त्यात पडणार नाही. मागा."

शनिवार पावसाळी मळभात गेला. दादाने दोनदा विचारलं, काही मिळालं का गं साहेबाकडून. ठिणगी बघू म्हणाली. त्याने मागा म्हटलं होतं. मोकळीक होती. आणि नाही मागितलं तर सगळ्यांच्या देखत दादाला त्या गुडघ्यांवर गप्प उभं राहावं लागणार होतं. ती दिवसभर सुतळीचे गुंते सोडवत बसली, आणि वहिनीला दिसलं की ती सोडवलेलेच गुंते पुन्हा सोडवते आहे.

रविवारी प्रार्थनाघर भरलेलं होतं. ठिणगी बोलणार म्हणून एरवी न येणारेही आले होते. स्तोत्र झालं. वाचन झालं. पाळकाने टेबलावर तळवा टेकला, म्हणजे आता प्रार्थना. तिघं उभी राहिली. दादाच्या गुडघ्याचा आवाज पुढच्या बाकापर्यंत गेला. वहिनीने त्याचा कोपर धरला. सगळ्यांनी डोळे मिटले.

ठिणगीने तोंड उघडलं. समोर शिपायाची मान होती, स्वच्छ घासलेली, आणि त्या मानेच्या दोन्ही बाजूंना दोन कान. तिला ते कान फार मोठे दिसले. उद्या कचेरीच्या दारात, परवा बाजारात, होडीत तळाशी बसलेला साहेब या कानांतून बाहेर पडून घरोघर जाणार होता. पोरं आकडे म्हणत त्याच्या मागून पळाली असती. आणि भीती काय, अशी जाते का?

साहेबांना आरोग्य दे, एवढं म्हणून बसता आलं असतं. तेही ओठांवर आलं. पण त्याने आरोग्य मागितलं नव्हतं. तिने तोंड मिटलं.

आणि मग ती गप्प उभी राहिली. सुरुवातीला लोकांना वाटलं, ती शब्द जुळवते आहे. मग कुणीतरी खोकलं. मग कुणीतरी डोळे उघडले, आणि एकाने उघडले की दुसऱ्याला कसं कोण जाणे कळतंच. पाळकाचा तळवा टेबलावरून हलला नाही. खिडकीतून कापसाचा एक पुंजका आत आला, पाणकणसाचा, पहिलाच, आणि वारा नसल्याने खाली पडेना, वर जाईना. ठिणगीला पायाखालची फरशी हळूच डुलल्यासारखी वाटली. तिने काही धरलं नाही. हलू दे, ती मनात म्हणाली. हे प्रभू, त्याच्या पायांखालची हलू दे, पण त्याला उभं ठेव. पाय गरम ठेव त्याचे. पुढे तिला शब्द सुचेनात, तेव्हा ती मनातल्या मनात आकडे म्हणू लागली, त्याच्या जागी, एकशे चाळीस, एकशे एकेचाळीस. दोनशेपर्यंत गेली तेव्हा पाळकाने तळवा उचलला. आमेन, तो एकटाच म्हणाला.

"पाळी शेवटच्या घराकडेच," त्याने वहीत लिहिता लिहिता सांगितलं.

बाहेर पायऱ्यांवर कुणीतरी म्हणालं, ठिणगी विझली. हसू पसरलं. एरवी तिने त्या माणसाला पायरीवरून खाली उतरू दिलं नसतं. ती दादाला हात देत पायऱ्या उतरत राहिली. दादाने अर्ध्या वाटेवर हात सोडवून घेतला.

"पाच दिवस गेलीस," तो म्हणाला. "एका माणसाला एक प्रश्न विचारायचा होता. आजपर्यंत आपलं घर कधी गप्प उभं राहिलं नव्हतं."

तो पुढे काठी टेकत एकटा चालला, वेदनेने थांबत. ठिणगीच्या डोळ्यांत पाणी आलं. सांगावं, निदान दादाला सांगावं, असं फार वाटलं तिला. पण दादाला सांगितलेलं वहिनीला सांगितल्यासारखं, आणि वहिनीला शेजार होता. वहिनी ठिणगीच्या बरोबरीने चालत होती, एवढंच.

सोमवारी हुकूम आला. बातमी फिरायला वेळ लागला नाही. ऊन वर यायच्या आत बनाच्या तोंडाशी पंधरा-वीस होड्या जमल्या. कणसं फुटू लागली होती. वाऱ्याच्या झुळकेबरोबर कापूस उठायचा आणि पाण्यावर बसायचा. दहा-बारा दिवसांचं काम चार दिवसांत करायचं, निम्मं तरी पदरात पडेल, असं सगळे एकमेकांना सांगत होते. शिपाई कागद घेऊन काठावर उभा होता. दोरी सोडायला तो होडीत पाय ठेवणार तेवढ्यात मागून साहेब आला आणि म्हणाला, मी जातो.

धुकं नव्हतं त्या दिवशी. सगळं लख्ख दिसत होतं. साहेब होडीत बसला, शिपायाने होडी पाण्यात ढकलली, आणि ती वेडीवाकडी, अडखळत खुंटांकडे येऊ लागली. साहेबाला बांबू नीट रेटता येत नव्हता. कुणीतरी हसलं. ठिणगी सगळ्यांत पुढे, दोरीपाशीच होती. दोरीची गाठ खुंटावर उंच होती. बसून हात पोचणार नव्हता. साहेबाने खुंटाकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. मग त्याने बांबू आडवा ठेवला, होडीच्या दोन्ही कडांवरचे हात एकेक करून उचलले आणि तो उभा राहिला.

होडी हलली. त्याचे गुडघे असे थरथरत होते की होडीभोवती पाण्यावर बारीक वर्तुळं उठत होती. ती कुणाला दिसली नसावीत. सगळ्यांचं लक्ष गाठीकडे होतं. ठिणगीला दिसली. तिने आपली होडी त्याच्या होडीला लावली, जणू सहज, आणि त्याच्या होडीच्या कडेवर पाऊल दाबून ठेवलं.

गाठ भिजून घट्ट बसली होती. तो ओढत होता आणि ओठांतल्या ओठांत मोजत होता.

"शिपाई सांगत होता," तो गाठीकडे बघतच हळू म्हणाला, "काल तुम्ही काही बोललाच नाहीत."

"बोलले की," ठिणगी म्हणाली. "सगळ्यांना ऐकू गेलं नाही, इतकंच."

गाठ सुटली. दोरी पाण्यात पडली, लाल चिंधी क्षणभर तरंगली आणि बुडाली. मागच्या होड्यांतून एकच आरडाओरडा झाला आणि सगळ्या बनात घुसल्या, दोन्ही बाजूंनी पाणी उडवत. साहेबाची होडी जोरात डुलली. त्याने खुंट धरला, मग सोडला. तो उभाच होता.

"साहेब," ठिणगी म्हणाली, "पुढच्या रविवारी पाळी पुन्हा आमचीच आहे. काय मागू?"

त्याने आपल्या पायांकडे बघितलं. कापसाचे पुंजके त्याच्या शर्टावर, सैल कॉलरीवर बसत होते.

"हेच," तो म्हणाला. "अजून पुरती गेलेली नाही."

म्हणजे पुन्हा गप्प उभं राहायचं. दादा पुन्हा हात सोडवून घेणार, पायऱ्यांवर पुन्हा कुणीतरी हसणार. ठिणगीने एक सुस्कारा सोडला, बरं म्हणाली, कडेवरचं पाऊल उचललं आणि विळा काढून बनात शिरली.